काटा खोटे बोलतो तेव्हा

मोटार चालवणाऱ्याला इंजिनाच्या पोटात काय चालले आहे ते दिसत नाही. टाकीत पेट्रोल किती उरले, इंजिनातले पाणी किती तापले, हे त्याला समजते ते समोरच्या फलकावरील दोन छोट्या काट्यांवरून. पण गाडी जुनी झाली की हे काटे कधी कधी खोटे बोलू लागतात. टाकी रिकामी होत आली तरी ती भरलेली दाखवतात. इंजिन करपू लागले तरी ते थंड असल्याचे सांगतात. अशा वेळी नेमका दोष कोठे आहे, हे कसे शोधायचे? हातात पाना आणि पेचकस घेण्यापूर्वी त्यासाठी शाळेत शिकलेले थोडे भौतिकशास्त्र आठवावे लागते.

उदाहरण म्हणून आपण अमेरिकेतील फोर्ड कंपनीची मस्टँग ही मोटार घेऊ. ती १९६४ साली बाजारात आली. तेथील हौशी लोक त्या काळातल्या गाड्या आजही निगुतीने सांभाळतात आणि त्यांची दुरुस्ती स्वतः करतात.

काटा मोजतो तरी काय?

पेट्रोलचा काटा पेट्रोल मोजत नाही! ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. टाकीत एक पोकळ तरंगणारा गोळा असतो. पेट्रोल कमी झाले की तो खाली जातो आणि त्याला जोडलेला दांडा एका रोधक तारेवरून सरकतो. टाकी भरलेली असताना या तारेचा रोध सुमारे १० ओहम असतो, तर रिकामी असताना सुमारे ७३ ओहम. म्हणजे पेट्रोलची पातळी येथे रोधाच्या भाषेत सांगितली जाते.

काट्यामागे दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली असते. तारेतून प्रवाह गेला की पट्टी तापते. दोन धातू सारखे प्रसरण पावत नसल्यामुळे ती वाकते आणि काटा सरकतो. घरातल्या विजेच्या इस्त्रीचे तापमान राखणारी पट्टीही याच तत्त्वावर चालते. पट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून चावी फिरवल्यावर हे काटे सावकाश वर चढतात.

आता ओहमचा नियम लावू. काट्यामागील तारेचा रोध १० ओहम आहे आणि विद्युतदाब ५ व्होल्ट आहे असे समजा. टाकी भरलेली असताना एकूण रोध २० ओहम, म्हणून प्रवाह ०.२५ अँपिअर. रिकामी असताना एकूण रोध ८३ ओहम, म्हणून प्रवाह सुमारे ०.०६ अँपिअर. जास्त प्रवाह म्हणजे जास्त उष्णता, आणि जास्त उष्णता म्हणजे काटा वर.

पाण्याच्या तापमानाचा काटा अगदी असाच असतो. फरक एवढाच की, तेथे गोळ्याऐवजी अर्धवाहकाची छोटी गोटी असते. ती इंजिनाच्या पाण्यात बुडालेली असते. तापली की तिचा रोध कमी होतो.

एक बिघडला की दोन्ही?

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. मग वर ५ व्होल्ट कोठून आले? फलकामागे एक छोटी डबी असते. तिच्यातही दोन धातूंची पट्टी आणि तिच्याभोवती तार असते. पट्टी तापून वाकली की जोड सुटतो आणि निवली की पुन्हा जुळतो. या उघडझापीमुळे काट्यांना सरासरी ५ व्होल्ट मिळतात. ही डबी दोन्ही काट्यांना सामाईक असते.

यावरून तपासाचे पहिले सूत्र मिळते. एकच काटा बिघडला असेल तर दोष त्याच्या स्वतःच्या वाटेवर शोधावा. दोन्ही एकदम बिघडले असतील तर सामाईक भागात शोधावा. दोन्ही काटे तळाशी पडून राहिले तर फ्यूज किंवा डबी तपासावी. दोन्ही नको तितके वर गेले तर? डबीतल्या तारेचे एक टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असावे लागते. गंजामुळे हा संपर्क तुटला की ती तार तापत नाही, पट्टी वाकत नाही, जोड कायम जुळलेलाच राहतो आणि काट्यांना पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. मग आपल्या उदाहरणात रिकाम्या टाकीलाही ०.०६ ऐवजी ०.१४ अँपिअर प्रवाह वाहतो आणि काटा ‘पेट्रोल आहे’ असे सांगतो. अशा वेळी चांगली डबी फेकून नवी आणण्यात अर्थ नसतो. संपर्काची जागा कानशीने घासून स्वच्छ केली तरी काम भागते.

फक्त पेट्रोलचाच काटा तळाशी असेल, तर वाटेतली तार तुटली असेल किंवा तरंगणाऱ्या गोळ्याला भोक पडून तो बुडाला असेल. मात्र टाकीजवळ ठिणगी उडाली तर आग लागू शकते. तेथील तपासणी जाणत्या कारागिरानेच करावी.

हीटरची ऊब येते कोठून?

मुंबईत मोटारीच्या हीटरची आठवण सहसा कोणाला होत नाही. पण फोर्ड कंपनीच्या मिशिगन राज्यात हिवाळ्यात पाणी गोठते. तेथे हीटर बंद पडला तर नुसती थंडी वाजून भागत नाही; समोरच्या काचेवर दव आणि बर्फ साचून रस्ताच दिसेनासा होतो.

या हीटरला वेगळे इंधन लागत नाही. पेट्रोलच्या ऊर्जेतील मोठा भाग उष्णता म्हणून वाया जातो. त्यातली काही इंजिनाभोवतीचे पाणी उचलते. हे गरम पाणी दोन रबरी नळ्यांतून फलकामागच्या छोट्या रेडिएटरमध्ये फिरते आणि पंखा त्यावरून हवा आत ढकलतो.

हवा गार येत असेल, तर इंजिन तापल्यावर या दोन नळ्या जपून चाचपाव्यात. दोन्ही गरम असतील तर पाणी नीट फिरते आहे. दोष हवेची वाट वळवणाऱ्या झडपेत किंवा तिच्या तारेत आहे. एक गरम आणि एक गार असेल तर छोटा रेडिएटर गाळाने तुंबला आहे. दोन्ही कोमट असतील आणि तापमानाचा काटाही खालीच असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असण्याचा संभव मोठा.

चढावर वाट बदलणारा वारा

१९७० आणि १९८० च्या दशकांतील अनेक अमेरिकन मोटारींत या झडपा इंजिनाच्या ओढीने हलवत. इंजिन हवा आत ओढते तेव्हा त्याच्या नळीत हवेचा दाब कमी होतो. हा कमी दाब बारीक नळ्यांनी झडपांपर्यंत नेलेला असे. पण चढावर चालक पेट्रोलची कळ पूर्ण दाबतो, हवेची वाट मोकळी होते आणि ही ओढ जवळजवळ नाहीशी होते. तेवढ्या वेळेपुरती ओढ साठवायला डब्यासारखी एक टाकी आणि एकाच दिशेने उघडणारी झडप बसवलेली असे. ती झडप गळू लागली की चढावर पायाशी येणारा वारा आपोआप समोरच्या काचेकडे वळे आणि उतारावर पुन्हा जागेवर येई. यात भूतबाधा काही नव्हती! ओढ संपली तर वारा काचेकडेच जावा, अशी योजना अभियंत्यांनी मुद्दाम केली होती. पाय गारठले तरी चालतील, पण रस्ता दिसलाच पाहिजे.

दोन साक्षीदार

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गळतीमुळे इंजिनातले पाणी फार कमी झाले, तर तापमान सांगणारी गोटी उघडी पडते. मग ती पाण्याचे नव्हे, भोवतालच्या हवेचे किंवा वाफेचे तापमान सांगते. काटा खाली येतो, चालक निर्धास्त होतो आणि तिकडे इंजिनाचे धातूचे भाग वेडेवाकडे होऊ लागतात. पण पाणीच नसल्यामुळे चालू हीटरमधूनही गार हवा येते. म्हणून तापलेल्या गाडीचा हीटर अचानक गार वारा देऊ लागला, तर काटा काहीही म्हणो, गाडी ताबडतोब थांबवून इंजिन बंद करावे.

मात्र रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. आतला दाब बाहेरच्यापेक्षा एका वातावरणाने जास्त असेल, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. झाकण उघडताच दाब घटतो, पाणी एकदम उसळते आणि हात-तोंड भाजते. इंजिन पूर्ण निवेपर्यंत थांबावे.

तपासाची ही रीत वर्गातही करून पाहता येईल. टॉर्चचे दोन बल्ब एकाच सेलला जोडा. सुरुवातीची तार दोघांना सामाईक ठेवा आणि पुढे प्रत्येकाला स्वतंत्र तारा द्या. एका विद्यार्थ्याने पुठ्ठ्याआड कोठे तरी एक जोड सैल करावा. इतरांनी तारांना हात न लावता, केवळ बल्बांकडे पाहून, दोष सामाईक तारेत आहे की स्वतंत्र तारेत, ते सांगावे.