गोठ्यातली येझदी रस्त्यावर आणताना



गोठ्याच्या कोपऱ्यात, कडब्याच्या गंजीआड जुनी जावा किंवा येझदी उभी आहे, अशी घरे आपल्या भागात अजून सापडतात. या गाडीवर कुणी दुधाचे कॅन वाहिले, कुणी बियाणे आणले, कुणी रात्री-अपरात्री डॉक्टरला घरी आणले. आज ती भंगारवाल्याच्या काट्यावर किलोच्या भावाने जाते. अलीकडे मात्र घरातली तरुण पोरे म्हणतात, "विकू नका, मी चालू करतो." ही हौस चांगली आहे. पण नुसत्या हौसेपोटी गाडी सोडवली जाते, भाग पोत्यात भरले जातात आणि पोते माळ्यावर पडून राहते. उभी गाडी निदान गाडी म्हणून विकता येते, पोत्यातल्या गाडीला भंगाराचाच भाव! म्हणून पहिल्यांदाच हे काम अंगावर घेणाऱ्यांसाठी हा लेखप्रपंच.

गाडीची ओळख

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्याने १९६१ पासून या गाड्या बनवल्या. १९७३ पासून येझदी हे नाव आले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. सर्वांत जास्त चालली ती २५० सीसीची. इंजिन टू-स्ट्रोक, सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, आणि किक व गिअर एकाच दांडीला. २०२२ पासून येझदी नावाच्या गाड्या पुन्हा बाजारात आल्या, पण त्यांचे इंजिन फोर-स्ट्रोक. त्यांचे भाग जुन्या इंजिनला बसत नाहीत. सबब जुना भाग कितीही गंजलेला असो, नवा आणून बसवून पाहिल्याशिवाय टाकू नये.

आधी कागद, मग पाने

इंजिन व चेसिस नंबर आरसी पुस्तकाशी ताडून पाहावेत. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर वारसाने नमुना ३१ भरून ती आपल्या नावावर करून घ्यावी. नोंदणीची पहिली मुदत १५ वर्षांची. पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागते. ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' नोंदणीची सोय आहे, पण तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. शेतावर रोज न्यायची असेल त्याने साधी नोंदणीच टिकवावी.

कारखान्याचा कित्ता

गळीत हंगाम संपला की आपले फिटर मिल खोलतात. पण आधी हंगामात कुठे आवाज येत होता, कुठे बेअरिंग तापत होते, याची नोंद पाहतात. मग खोलणे, मापे घेणे, खुणा करणे. घरच्या गाडीलाही हाच कित्ता. एका वेळी एकच जोडकाम खोलावे, त्याचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवावेत, डब्यावर चिठ्ठी लावावी. वायरी सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यावेत.

इंजिन जाम असेल तर किकवर उड्या मारू नयेत आणि हातोडाही घेऊ नये. प्लग काढून त्या भोकातून थोडे डिझेल ओतावे आणि दोन-चार दिवस मुरू द्यावे. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू पुढे-मागे करावे.

क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सीले मात्र बदलावीतच. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत रबर कडक होते. डायनामोच्या बाजूचे सील गेले की हवा ओढली जाते, इंजिन तापते आणि पिस्टन धरतो. क्लचच्या बाजूचे गेले की गिअरचे ऑइल ओढले जाऊन पांढरा धूर निघतो. लोक धूर पाहून पिस्टन बदलतात आणि धूर आहे तसाच राहतो. कार्बोरेटरचे जेट पेट्रोलने व हवेने साफ करावेत. त्यात तार घातली की भोक मोठे होते.

रंगाआधी ब्रेक

नवशिक्याचे पैसे पहिले जातात ते टाकीच्या रंगात आणि क्रोममध्ये. मग ब्रेकच्या वेळी खिसा रिकामा! हे उलटे झाले पाहिजे. ब्रेक लायनर, केबली, स्पोक, चेन, वायरिंग आणि टायर यांचा खर्च आधी बाजूला काढावा. टायर नक्षीवरून चांगला दिसला तरी जुन्या रबराला चिरा असतात, त्यावर माणूस बसवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

आपलेच इथेनॉल

एक गोष्ट आपल्याला जवळची आहे. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले. त्यातले बरेच इथेनॉल उसापासूनच होते. शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, पण जुनी गाडी त्यासाठी घडवलेली नव्हती. इथेनॉल पाणी ओढते आणि जुने रबरी पाइप, वॉशर खराब करते. गाडी फार दिवस उभी राहिली तर पाणी धरलेले इथेनॉल टाकीच्या तळाशी बसते. त्या थरात टू-टी ऑइल जवळजवळ नसते आणि इंजिनला पहिला तोच मिळतो. तरी रबरी भाग नवे घालावेत, ऑइल मापानेच मिसळावे आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करावे.

गाडी सुरू झाली म्हणून लगेच हायवेला नेऊ नये. बॉयलर पेटवला म्हणजे त्याच दिवशी पूर्ण गाळप होत नसते. पहिले काही दिवस गावच्या रस्त्यावर, हळू, डबलसीट न बसता चालवावी आणि रोज नट आवळून पाहावेत.

सीले बसवणे, क्रँक खोलणे ही कामे मात्र जाणत्याच्या हाताखालीच करावीत. जावा-येझदीचे जुने मिस्त्री आता वयस्कर झाले आहेत आणि त्यांच्या हातातली माहिती कुठल्या पुस्तकात पुरती उतरलेली नाही. असा मिस्त्री आपल्या गावी असेल तर पुढचा हंगाम लागण्याआधी पोराला त्याच्याकडे धाडा. कामाची मजुरी देताना घासाघीस करू नका आणि पोराला वही-पेन्सिल द्यायला विसरू नका.