कावळा बसला म्हणून फांदी मोडली?

माझी आत्या ५८ वर्षांची असताना बाथरूममध्ये पाय घसरून पडली. सावरायला हात टेकला आणि मनगटाजवळ हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मग थोडे व्यायाम, हात बरा. केसपेपरवर कारण लिहिलं होतं, ‘घरात पडून’. आठ वर्षांनी ती पुन्हा पडली, यावेळी खुबा मोडला. तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, "हाडांची घनता कधी तपासली होती का?"

मी तेव्हा एम.एस्सी.ला होते. पडली म्हणून मोडलं, यात विचारण्यासारखं काय आहे, असंच मलाही वाटायचं.

पण आपण उभे असतो तेवढ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडल्यावर धडधाकट हाड सहसा मोडत नाही. मोडलं तर हाडाचीच चौकशी करायला हवी. अशा फ्रॅक्चरला ‘फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर’ म्हणतात, म्हणजे ठिसूळपणामुळे झालेलं. पडणं हा कावळा, फांदी आधीच पोखरलेली.

मनगटच का, याचं उत्तर छान आहे. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, रेडियस आणि अल्ना. रेडियसचा मधला भाग घट्ट हाडाचा, पण मनगटाकडचं टोक आतून बरंचसं जाळीदार, वरून पातळ कवच. जाळीदार हाडाचा पृष्ठभाग खूप मोठा असतो आणि हाडाची झीज-भर पृष्ठभागावरच चालते. त्यामुळे पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, तेव्हा ही जाळी आधी विरळ होते. शिवाय पन्नाशीतला माणूस पडताना चपळाईने हात पुढे करतो. सत्तरी-पंच्याहत्तरीत तेवढी चपळाई राहत नाही, माणूस सरळ कुशीवर पडतो आणि खुबा जातो. म्हणून मनगट आधी, खुबा नंतर. एकदा असं फ्रॅक्चर झालं की पुढच्या फ्रॅक्चरचा धोका साधारण दुप्पट धरतात. मधली वर्षं उपचाराची असतात, आणि आत्याची ती तशीच गेली.

(मनगटाच्या या फ्रॅक्चरला ‘कोलिस फ्रॅक्चर’ म्हणतात. डब्लिनचे सर्जन अब्राहम कोलिस यांनी ते १८१४ साली वर्णिलं. क्ष-किरणांचा शोध १८९५चा! नुसत्या हाताच्या आकारावरून ओळखलं होतं.)

ऑस्टिओपोरोसिस हे एकच कारण नाही. पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली तर उलट रेडियसचं घट्ट हाड झिजतं. जायंट सेल ट्यूमर नावाची गाठ गुडघ्याभोवतीच्या हाडांखालोखाल रेडियसच्या मनगटाकडच्या टोकाला आढळते. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगातही हाडं पोखरली जातात.

आता संशोधनाकडे येऊ. तुम्ही हॉस्पिटलच्या नोंदींवर काम करणार असाल तर हाती येतात आजारांचे कोड. आयसीडी-१० मध्ये ‘एस ५२’ म्हणजे कोपराखालच्या हाताचं, इजेमुळे झालेलं फ्रॅक्चर. ‘एम ८०’ म्हणजे ऑस्टिओपोरोसिसमुळे झालेलं. हाड तेच, मोडलंय तिथेच, पण एक नोंद अपघातांच्या प्रकरणात जाते आणि दुसरी हाडांच्या आजारांच्या. अमेरिकी आवृत्तीचा नियम सांगतो की रुग्णाला ऑस्टिओपोरोसिस आहे हे *माहीत असेल* आणि निरोगी हाड मोडणार नाही अशा किरकोळ पडण्याने फ्रॅक्चर झालं असेल, तर ‘एस’ नाही, ‘एम ८०’ द्या.

‘माहीत असेल’ हे शब्द पुन्हा वाचा. डेक्सा तपासणी झालीच नसेल तर माहीत कसं असणार? मग कोड ‘एस ५२’, म्हणजे अपघात. अपघात म्हटल्यावर डेक्सा कोण सांगणार? माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये मी ‘एम ८०’ मोजून आकडा मांडला होता. गाइड म्हणाल्या, "तू ठिसूळ हाडं मोजलीस की झालेल्या तपासण्या?" मला उत्तर देता आलं नाही.

डेक्सा केली तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४च्या निकषाप्रमाणे टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. पण ठिसूळपणाची बरीच फ्रॅक्चर्स उणे २.५च्या वर असलेल्यांनाच होतात. कारण घनता म्हणजे सगळी मजबुती नव्हे. जाळी कशी विणलेली आहे ते टी-स्कोअर सांगत नाही.

सध्या मी असं करते: वय ५० किंवा जास्त, कोड ‘एस ५२.५’ (रेडियसचं खालचं टोक), आणि सोबत ‘डब्ल्यू ०१’, म्हणजे सपाट जागी घसरून किंवा अडखळून पडणं. या नोंदी ‘संशयित ठिसूळ’ म्हणून वेगळ्या काढते आणि ‘एम ८०’ला जोडून व न जोडता, असे दोन्ही आकडे मांडते. अडचण अशी की कसे पडले, हा रकाना बऱ्याचदा रिकामा असतो. अशा वेळी मूळ केसपेपर काढावा लागतो. परवा असाच एक गठ्ठा वाचत बसले होते. त्यातल्या अकरा कागदांवर तेच दोन शब्द होते, ‘घरात पडून’.