ध्वज चढवतो आपण सगळेच, उतरवतो कोण?



गेल्या वर्षी १६ ऑगस्टला सकाळी मी नेहमीप्रमाणे फिरायला निघालो. निवृत्तीनंतर मी लखनौच्या निशातगंजमध्ये राहतो. बाजाराच्या कडेला नालीत एक कागदी तिरंगा पडलेला दिसला. वाकून उचलला, तेव्हा समोरचा दुकानदार हसून म्हणाला, “साहब, पंद्रह अगस्त तो कल था.” माणूस चांगला आहे. पण तो जे बोलला, तसंच आपण बहुतेक जण वागतो. म्हणून आज ध्वजाबद्दल थोडं बोलू या.

निशातगंजहून गोमती ओलांडली की काही अंतरावर रेसिडेन्सीचे अवशेष आहेत. १८५७ मध्ये जूनअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत इंग्रज तिथे वेढ्यात अडकले होते. त्याची आठवण म्हणून पुढे तिथला युनियन जॅक सूर्यास्तालाही उतरवत नसत. दिवसरात्र तो वरच. आमची सत्ता ढळणार नाही, हे त्यातून सांगायचं होतं. अखेर १३ ऑगस्ट १९४७ च्या रात्री तो गाजावाजा न करता उतरवला आणि खांबही काढून टाकला.

आता आपले दोन दिवस पाहा. १५ ऑगस्टला ध्वज खालून दोरीने वर चढवतात. परकी सत्ता गेली आणि आपला ध्वज वर गेला, असा त्याचा अर्थ. २६ जानेवारीला तो वरच बांधलेला असतो, फक्त उलगडतात. कारण १९५० साली देश आधीच स्वतंत्र होता, त्या दिवशी आपली राज्यघटना अमलात आली. लाल किल्ल्यावर पंतप्रधान आणि कर्तव्यपथावर राष्ट्रपती, हा फरकही लक्षात ठेवा.

पण या दोन्ही दिवसांचा उत्तरार्ध आपण विसरतो. फौजेत सूर्यास्ताला बिगुलावर रिट्रीट वाजते, ध्वज सावकाश खाली येतो आणि जो जिथे असेल तो तिथे सावधान उभा राहतो. चढवण्याइतकाच मान उतरवण्याला. २०२२ पासून घरावरचा ध्वज रात्रीही ठेवायला परवानगी आहे. तरी कधीतरी तो उतरवावा लागतोच.

एकदा आमच्या युनिटमधल्या एका जवानाचं पार्थिव घेऊन मी सातारा जिल्ह्यातल्या त्याच्या गावी गेलो होतो. शवपेटीवर तिरंगा असतो, केशरी पट्टा डोक्याकडे. चितेला अग्नी देण्याआधी तो काढून घ्यायचा असतो. आम्ही घडी केली आणि मी ती त्याच्या आईच्या हातात दिली. ती बराच वेळ घडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “साहेब, ह्यो कुठं ठिवू?” इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. देवघराजवळ ठेवा, एवढंच मी कसंबसं बोललो.

त्या माउलीला पडलेला प्रश्न आपल्याला १६ ऑगस्टला पडत नाही.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. ध्वज उतरवल्यावर आडवा धरा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडा, मग दोन्ही बाजूंनी अशी घडी घाला की वर अशोकचक्र दिसेल. ध्वज फाटला किंवा विटला, तर कचऱ्यात टाकू नका. एकांतात, मान राखून, शक्यतो जाळून पूर्ण नष्ट करा. आणि कागदी झेंडे मुलांच्या हातात देताना संध्याकाळी ते परत गोळा करण्याची जबाबदारी घ्या.

या १५ ऑगस्टला सकाळी झेंडावंदनाला जालच. संध्याकाळी मात्र नातवंडांना, शेजारच्या मुलांना हाक मारा आणि त्यांच्या हातून ध्वज उतरवून घ्या. घडी कशी घालायची ते त्यांना शिकवा. दोन मिनिटांचं काम आहे. पण ज्या मुलाने एकदा ही घडी घातली, तो रस्त्यात पडलेला तिरंगा ओलांडून पुढे जाणार नाही.

जय हिंद.