लहान मशीन आणि फिरते टेबल

श्रोतेहो, वसंतातल्या व्यासपीठावरून आपण मोठे विषय ऐकत आला आहात. आम्ही मात्र आज एका लोखंडी वस्तूविषयी बोलणार आहो. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दारात अधिक झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण ठेवू नये, हिशेबाची ठेवावी.

आमच्या युनियनच्या खोलीत एक लहान मिलिंग मशीन आहे. कामगारांनी वर्गणी काढून ते घेतले. पाळी संपल्यावर किंवा सुटीच्या दिवशी जो तो येतो आणि आपल्या हौसेचे काम करतो. कोणी वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती करतो, कोणी जुन्या घड्याळाचे चाक. कारखान्यात दुसऱ्याच्या नकाशाबरहुकूम राबणारा हात येथे स्वतःच्या मर्जीने चालतो, एवढ्यासाठीच हा खटाटोप. या मशीनला रोटरी टेबल, म्हणजे फिरते टेबल, हवे असे ठरले. निवड आमच्यावर सोपविली गेली आणि आम्ही ती चुकलो.

फिरते टेबल म्हणजे काय, ते प्रथम सांगतो. मिलिंग मशीनचा बेड उजवीकडे-डावीकडे आणि मागे-पुढे सरकतो. गोल फिरत नाही. त्यावर फिरते टेबल बसविले की जॉब गोल फिरविता येतो. मग वर्तुळाकार खाच पाडा, चकतीवर समान अंतराने भोके पाडा, किंवा टेबल आडवे उभे करून गिअरचे दाते कापा. टेबलाच्या पोटात एक दातेरी चाक असते व त्याला वर्म फिरवितो. हँडल वर्माला जोडलेले असते.

आमची चूक अशी. मोठे ते चांगले, असे मानून आम्ही १५० मिलिमीटर व्यासाचे जुने टेबल आणले. माल उत्तम होता; दुकानदाराने फसविले नाही. परंतु आमच्या मशीनवर बेडपासून स्पिंडलच्या तोंडापर्यंत जास्तीत जास्त २५० मिलिमीटर जागा. टेबलाची उंची ८०, त्यावर प्लेट व जबड्यांसह चक ९५, जबड्यांवर जॉब ३०, आणि ड्रिल चक ड्रिलसह ११०. बेरीज ३१५. ड्रिल चक काढून कोलेटात आखूड कटर धरला, तरी तेथे ६० लागतात, बेरीज २६५. म्हणजे जॉब बसला की कटरला जागाच नाही. शिवाय बेड रुंदीला जेमतेम ९५. टेबल दोन्ही अंगांनी बाहेर आले.

मासिक सभेत आम्ही हे सांगितले. एका निवृत्त मिलरने एवढेच विचारले, "भाऊ, दुकानात जाताना टेप नेली होती का?" नेली नव्हती. टेबल तोटा सोसून विकले आणि तो तोटा आमच्या नावाने हिशेबाच्या वहीत लिहिला.

तेव्हा पहिला नियम हा, की निवड आपल्या मशीनपासून सुरू करावी. टेबल, चक, जॉब आणि कटर यांच्या उंचीची बेरीज कागदावर मांडावी. पुढे आम्ही १०० मिलिमीटरचे टेबल घेतले. टेबल ६५, लहान चक ६५, जॉब ३०, कोलेट व कटर ६०, एकूण २२०. कटर वर उचलावयास ३० उरले. भोक पाडावयाचे असेल, तर ड्रिलही आखूड घेऊन कोलेटातच धरतो.

त्याहीआधी एक प्रश्न विचारावा. आपल्याला टेबल खरेच हवे काय? केवळ बोल्टाचे षट्कोनी डोके करावयाचे असेल, तर सहा बाजूंचा कोलेट ब्लॉक व्हाइसमध्ये धरून ते होते. त्यासाठी टेबलाचा खर्च नको.

दुसरी गोष्ट वर्माच्या प्रमाणाची. ७२ ला १ असेल, तर हँडलाच्या एका फेरीत टेबल ५ अंश फिरते. ९० ला १ असेल, तर ४ अंश. षट्कोनाला ६० अंश हवेत, म्हणजे पहिल्यावर १२ फेऱ्या, दुसऱ्यावर १५. पण सात भाग करावयाचे झाले, तर ३६० ला ७ ने भाग जात नाही आणि डायलवर अंश, मिनिटे शोधताना चूक होते. अशा वेळी भोकांची प्लेट लागते. ७२ ला ७ ने भागले, तर १० पूर्णांक दोन सप्तमांश येतात. २१ भोकांच्या वर्तुळावर १० फेऱ्या आणि ६ भोके पुढे जावे. गिअर कापावयाचे असतील, तर त्या टेबलाला प्लेट आणि उंचीला जुळणारा टेलस्टॉक मिळतो की नाही, हे घेण्यापूर्वीच पाहावे.

तिसरी गोष्ट प्लेची. टेबलाला हात लावून हँडल हलके मागे-पुढे करावे. ७२ ला १ च्या टेबलावर हँडल फेरीच्या विसाव्या हिश्शाइतके रिकामे फिरले, तर टेबलाचा पाव अंश झाला. मध्यापासून ५० मिलिमीटरवर ती चूक सुमारे ०.२२ मिलिमीटर होते. पुष्कळ टेबलांत वर्माची बाही विकेंद्री असते. ती किंचित फिरविली की वर्म दात्यांत अधिक खोल बसतो. त्यानंतर टेबल पूर्ण एक फेरी फिरवून पाहावे. कोठे जड आणि कोठे ढिले लागले, तर चाक सारखे नाही, असे समजावे. भाग पाडताना नेहमी एकाच दिशेने यावे आणि लॉक आवळावे. गोल खाच कापताना जॉब कटरच्या फिरण्याविरुद्ध न्यावा. नाहीतर प्लेइतका जॉब कटर स्वतःच ओढून घेतो आणि कटर मोडतो.

शेवटी टी-स्लॉट पाहावे. लहान टेबलाच्या स्लॉटची ओठे पातळ आणि बिडाची असतात. बोल्ट टी-नटातून आरपार जाऊन तळाला टेकला, तर आवळताना ओठ वर उचलून तुटतो. म्हणून नटाचे शेवटचे आटे दाबून बंद करावेत.

ही सारी तपासणी अर्ध्या तासाची आहे. आमच्या खोलीत आता प्रत्येक खरेदीआधी बेरजेचा कागद सभेपुढे ठेवावा लागतो. तो ठराव आम्हीच मांडला. वर्गणीतला प्रत्येक रुपया कोणाच्या तरी ओव्हरटाइमचा असतो. त्याचे काय झाले, हे विचारण्याचा हक्क त्याला आहे, आणि उत्तर तयार ठेवणे हे आमचे काम आहे.