मनोरुग्ण कैद्याचे उपचार: कायदा काय सांगतो?

लोणंद पोलिसांनी पकडलेला आरोपी मनोरुग्ण असेल, तर कोठडीतही उपचार हा त्याचा हक्कच. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे कलम १०३ त्यासाठीच आहे. राज्यातल्या किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचार केंद्र हवे. तुरुंगात मनोरुग्ण कैदी नाहीत, असे प्रमाणपत्र तिथल्या डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला पाठवायचे असते. राज्यात एक केंद्र म्हणजे फारच थोडे. नव्या तुरुंगाच्या आराखड्यातच मानसोपचार कक्ष धरायला हवा. लोणंदकरांना जवळचे प्रादेशिक मनोरुग्णालय येरवड्याचे. नातेवाइकांनी औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या पहिल्याच दिवशी वकिलाकडे द्याव्यात. मोफत सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’: १४४१६, चोवीस तास.