जेसीबी पिवळाच का असतो? घाटात दरड हटवताना या रंगाचं काम काय, जाणून घ्या

महाबळेश्वर : पावसाळा लागला की आंबेनळी, केळघर, पसरणी या घाटांत एक दृश्य ठरलेलंच. रस्त्यावर दरड, दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग आणि मध्ये माती ओढणारा पिवळा जेसीबी. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आंबेनळी घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला, वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. तेव्हाही वाट मोकळी करायला हीच यंत्रं होती. पण ती पिवळी किंवा केशरीच का असतात, हिरवी किंवा करडी का नाहीत?

आधी पिवळी नव्हतीच!

जेसीबी हे खरं तर कंपनीचं नाव आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये ती सुरू केली. त्यांची पहिली वस्तू होती शेतीसाठीची टिपिंग ट्रॉली. पिवळा रंग त्यांनी १९५१ च्या सुमारास घेतला. अमेरिकेतल्या कॅटरपिलर कंपनीची यंत्रंही आधी करड्या रंगाची होती. रस्त्याच्या कामावरची यंत्रं गाडीवाल्यांना लांबून दिसावीत म्हणून त्यांनी १९३१ मध्ये पिवळा रंग आणला. आपण ज्याला पोकलेन म्हणतो ते नावही फ्रान्सच्या एका कंपनीचं, आणि तिची यंत्रं लाल असायची. टाटा हिताचीची यंत्रं आजही केशरी दिसतात. म्हणजे पिवळाच हवा असं नाही, पण रंग उठून दिसणारा हवा.

डोळ्याला पिवळा लवकर का दिसतो?

दिवसाच्या उजेडात आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा भाग सगळ्यात तेजस्वी वाटतो. दुसरं कारण आजूबाजूच्या रंगांचं. आपल्याकडे जांभ्याची लाल माती, वर हिरवी झाडी, काळा कातळ आणि काळं डांबर. या सगळ्यांत पिवळा वेगळा उठतो. लाल यंत्र लाल मातीत मिसळून गेलं असतं. शिवाय संध्याकाळी उजेड कमी झाला की लाल रंग डोळ्याला काळपट दिसू लागतो.

धुक्यात मात्र भरवसा नको

पिवळा रंग धुकं भेदून दिसतो, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. धुक्याचे थेंब सगळ्याच रंगांचा उजेड जवळपास सारखाच विखुरतात. महाबळेश्वरच्या दाट धुक्यात समोरची गाडीच दिसत नाही, तिथं रंग काय करणार? तिथं उपयोगी पडतो तो टपावरचा फिरता दिवा आणि चमकणाऱ्या रिफ्लेक्टर पट्ट्या. त्याही चिखलानं माखल्या असतील तर असून नसल्यासारख्या. म्हणून मालकांनी आणि ऑपरेटरनी काम सुरू करण्याआधी दिवा, काचा आणि पट्ट्या पुसून घ्याव्यात.

खरा धोका इथंच आहे

रंगामुळं यंत्र आपल्याला दिसतं. पण आपण ऑपरेटरला दिसतोच असं नाही. जेसीबीचं पुढचं बकेट वर उचललं की त्याच्या पुढचा रस्ता झाकला जातो. पोकलेनची केबिन डाव्या बाजूला असते, त्यामुळं उजवीकडचं बूमच्या आड जातं. पोकलेन जागेवर फिरतो तेव्हा त्याचं मागचं अवजड धडही गर्रकन फिरतं. मागे उभा असलेला माणूस त्या धडात आणि डोंगराच्या भिंतीत सापडू शकतो. गावात जेसीबी आला की पोरं बघायला गोळा होतात, आणि घाटात दुचाकीवाले कडेनं गाडी घालतात. नेमकं तेव्हाच अपघाताला निमंत्रण मिळतं.

काय काळजी घ्याल?

- यंत्र चालू असताना बूमच्या पोहोचेपासून लांब उभं राहा. मुलांना जवळ जाऊ देऊ नका.
- बकेट खाली टेकून ऑपरेटरनं हात दाखवल्याशिवाय गाडी पुढं काढू नका.
- मागे येण्याचा भोंगा वाजला की लगेच बाजूला व्हा.
- दरडीच्या कामावर मदतीला जाणाऱ्यांनी चमकणारं जॅकेट घालावं. जॅकेट नसेल तर निदान गडद कपडे आणि काळं इरलं टाळा.

यंत्राला पिवळा रंग कंपनीनं दिलाय. त्याच्या शेजारी काम करणारा आपला माणूसही तेवढाच उठून दिसायला हवा.