पुस्तकामागचं जंगल (भाग ५): टनाला दीड रुपया

डेमी आकाराच्या २०० पानी पुस्तकाला ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) कागद वापरला, तर आतल्या पानांचंच वजन २१० ग्रॅमच्या आसपास भरतं. हजाराची आवृत्ती काढायची म्हणजे दोनशे किलोंहून जास्त कागद आला; कटिंगमध्ये जातो तो वेगळा. रासायनिक पद्धतीने लगदा करताना लाकडाचा किंवा बांबूचा साधारण निम्मा भागच तंतू म्हणून हाती लागतो. उरलेलं बहुतेक लिग्निन काळ्या द्रावात विरघळतं आणि गिरणीच्या बॉयलरमध्ये जळतं. म्हणजे कागदाच्या निदान दुप्पट कच्चा माल जंगलातून किंवा शेतातून यावा लागतो. तो काय भावाने आला, हा आजचा विषय.

उत्तर कन्नड जिल्ह्यात, काळी नदीच्या काठी, दांडेलीला १९५०च्या दशकात वेस्ट कोस्ट पेपर मिल उभी राहिली. सरकारने तिला जंगलातला बांबू देऊ केला टनाला दीड रुपया दराने. बाजारात हाच बांबू बुरुडाला शेकडो पट महाग पडत होता. सुपं, टोपल्या, कणग्या विणून पोट भरणाऱ्यांना बांबू मिळेनासा झाला, तशा तक्रारी वाढल्या. त्यातूनच १९७५च्या सुमारास कर्नाटक सरकारने परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांना बांबूचा अभ्यास करायला सांगितलं.

त्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कळकाच्या, म्हणजे काटेरी बांबूच्या, बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांची दाट जाळी असते. ती साफ केली की बेट मोकळं होईल आणि नव्या काठ्या जोमाने वाढतील, असा वनखात्याचा समज होता. तोडणीचे नियमही तसेच होते. गावकरी म्हणत होते, काटे काढाल तर बेट मरेल. गाडगीळांनी जंगलात मोजमाप केलं, तेव्हा गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. काट्यांचं कुंपण गेलं की जमिनीतून वर येणारा कोवळा कोंब गुरं, माकडं, साळिंदरं खाऊन टाकत. कोंबच उरला नाही तर पुढच्या वर्षी काठी कुठून येणार?

पण फुकटात मिळणारा माल राखायची गिरणीला गरजच नव्हती. जवळचा बांबू संपला की लांबचा आणायचा. त्या काळात कागद स्वस्त होता, असं आपण कौतुकाने सांगतो. माझ्या मते तो कधीच स्वस्त नव्हता. त्याचे पैसे बुरुडांनी आणि जंगलाने भरले.

१९८८च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांना सवलतीत वनोपज देणं थांबवावं असं सांगितलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावचा बांबूही पूर्वी भाडेपट्ट्याने कागद गिरणीकडे जात असे. त्या ग्रामसभेला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकारही. आपला बांबू आपण विकायचा, आणि पुढच्या वर्षासाठी किती राखायचा तेही आपणच ठरवायचं, हे तिथे शक्य झालं. गिरण्याही आता बऱ्याच अंशी शेतातली सुबाभूळ व नीलगिरी, उसाचं चिपाड आणि रद्दी यांच्याकडे वळल्या आहेत. प्रत्येकाचे प्रश्न वेगळे आहेत. रद्दीतला तंतू दर फेरीला आखूड होत जातो, चिपाडाला पाणी भरपूर लागतं. तरी जंगल ओरबाडण्यापेक्षा हे मार्ग निश्चित बरे.

अडचण अशी, की हातातलं पुस्तक यांपैकी कशातून आलं हे वाचकाला कळायला मार्ग नाही. मराठी पुस्तकाच्या श्रेयपानावर मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठकार या सगळ्यांची नावं असतात. प्रकाशकांना माझी विनंती आहे, तिथे आणखी एक ओळ छापा: कागद कोणत्या गिरणीचा आणि कशापासून बनवलेला. वाचकांनीही पुस्तक विकत घेताना एवढं जरूर विचारावं.

(पुढील भागात: न खपलेल्या प्रतींचं काय होतं?)